डफानंतर जिंगल

मांडव्याच्या जेट्टीवरून, खाडीपलीकडे मुंबई दिसते. तिथे संयुक्त महाराष्ट्राचा प्रचार अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर या शाहिरांनी डफाच्या थापेवर गाजवला. तेव्हा मुंबईत टीव्हीच नव्हता.

अमेरिकेत मात्र १९५२ मध्येच डिस्नेच्या कलाकारांनी अध्यक्षपदाचे उमेदवार आयसेनहॉवर यांच्यासाठी नाचती-गाती कार्टून जिंगल केली. अ‍ॅनासिनच्या जाहिराती करणाऱ्या रॉसर रीव्ह्ज यांनी आयसेनहॉवर यांना छोट्या प्रश्नोत्तरी जाहिरातींत बसवलं. आयसेनहॉवर जिंकले.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७७ च्या निवडणुकीत पक्षनेत्यांना सरकारी माध्यमांवर भाषणासाठी वेळ मिळाला, जिंगलला नाही.

पुढे केबलच्या नियमांनीही राजकीय जाहिराती रोखल्या. १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. अट अशी की प्रक्षेपणाआधी निवडणूक यंत्रणेकडून प्रमाणपत्र घ्यायचं.