बिबट्याच्या वावरात सुरक्षित पाण्याची सोय

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतून कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्या पूर्वेकडे वाहतात. पाण्याची सोय करणे हे पुण्यकर्म मानण्याची येथील परंपरा फार प्राचीन आहे. नाणेघाटात वाटसरूंसाठी कातळात टाकी खोदण्यात आली, तर जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने दोन ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे.

आधुनिक काळात कुकडी प्रकल्पाने या भागाचे रूप पालटले. जुन्नर तालुक्यातील येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे या धरणांमुळे कालव्यांचे पाणी शिवारात पोहोचले. डिंभे जलाशयात तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगावच बुडाले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या.

उसातील संघर्ष

ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. दाट आडोसा, जवळ पाणी आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या व वासरे हे भक्ष्य, यामुळे बिबट्याची मादी उसातच पिलांना जन्म देऊ लागली. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडल्याने प्रश्न सुटला नाही. या भागातील अभ्यासात असे दिसून आले की, २००१ ते २००३ या स्थलांतराच्या काळात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी सुमारे ४ वरून १७ वर गेली. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र याच संघर्षातून उभे राहिले.

या प्रश्नाचा पिण्याच्या पाण्याशी निकटचा संबंध आहे. बिबट्या प्रामुख्याने सायंकाळ ते पहाट या वेळात फिरतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या स्त्रियांची पाणी भरण्याची वेळही हीच. गावठाणात नळ असला तरी अनेक कुटुंबे मळ्यात राहतात आणि वाट उसातून जाते. त्यातच, भांडे भरण्यासाठी वाकलेली वा बसलेली व्यक्ती, तसेच लहान मूल, बिबट्याला सावज भासण्याचा धोका अधिक.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. त्यात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरण्यात आले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला त्यानुसार २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे अठराहून अधिक हंडे लागतात. हे सर्व डोक्यावरून आणावयाचे असेल, तर धोक्याच्या वाटेवर किती खेपा होतील, याचा हिशेब प्रत्येक ग्रामसभेने करावा. मळ्यातील घरापर्यंत जाणारी नळवाहिनी ही येथे केवळ सोय नसून संरक्षणाची भिंत ठरते.

पाणी शुद्धही हवे

बागायती पट्ट्यात रासायनिक खतांतील नायट्रेट झिरपून विहिरींत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या मुलांना त्यापासून विशेष धोका असतो. म्हणून प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक ठरते. जंतूंच्या नाशासाठी टी.सी.एल. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबावे आणि वाहिनीच्या शेवटच्या घरी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे जलसुरक्षकाने पाहावे.

पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांची अडचण निराळी. तेथे पाऊस मुसळधार पडतो. परंतु काळ्या कातळाच्या उतारावरून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात झरे आटतात. झऱ्याभोवती बंदिस्त कुंड बांधून उताराने नळ नेल्यास वीज न लागता पाड्यावर पाणी येते. मात्र वरच्या उतारावरील झाडोरा राखला, तरच झरा टिकतो.

ग्रामपंचायतींना करता येण्याजोगे

मोठ्या निधीची वाट न पाहताही काही गोष्टी साधता येतात. पाणी सोडण्याची वेळ सूर्योदयानंतरची व सूर्यास्तापूर्वीची ठेवावी. सार्वजनिक नळाभोवतीची जागा मोकळी राखावी व तेथे दिवा असावा. कचरा वस्तीपासून दूर टाकावा. कारण कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. उघड्या विहिरींना कठडा व जाळी बसवावी. अशा विहिरींत बिबटे पडल्याचे प्रसंग या भागात वारंवार घडले आहेत. कठड्यामुळे माणूस, जनावर व बिबट्या तिघेही वाचतात आणि पावसाचे गढूळ पाणीही आत शिरत नाही.

पाणीपुरवठ्याची वेळ ठरविणे हा वरवर किरकोळ ठराव. परंतु ज्या गावच्या वाटा उसातून जातात, तेथे या एका ठरावावर एखाद्या मुलाचे प्राण अवलंबून असू शकतात. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्यांनी योजना आखताना किती घरांना नळ मिळाले, याबरोबरच पाण्यासाठी अंधारात घराबाहेर पडावे लागणारे शेवटचे घर कोणते, हेही विचारले पाहिजे.