जीवाणूच कारण, हे कशावरून?

मंडळी, मी शेतीतज्ज्ञ नाही, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. तेव्हा जीवाणू बुरशीला आवरतात का, यापेक्षा ‘आवरतात हे कशावरून म्हणायचं?’ हा प्रश्न माझ्या प्रांतातला. हरभऱ्याला सुडोमोनासची बीजप्रक्रिया केली आणि मर लागली नाही, एवढ्यावरून जीवाणूला श्रेय देता येत नाही. त्या वर्षी रोग आलाच नसेल तर?

यासाठी गव्हाचं उदाहरण घेऊ. ‘टेक-ऑल’ नावाचा एक रोग आहे. त्याची बुरशी मुळं काळी करून कुजवते. नावाप्रमाणे सगळंच घेऊन जाते म्हणा ना. यावर कुणीही शहाणा शेतकरी सांगेल, पीक बदला. त्यात चूक काही नाही. पण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, आणि इतरत्रही, एक विचित्र गोष्ट दिसली. त्याच शेतात वर्षानुवर्षं गहूच घेत राहिलं तर रोग आधी वाढतो, कळस गाठतो आणि मग आपोआप ओसरतो. बुरशी मातीत असतेच, तरी पीक उभं राहतं.

ही माती ओलसर ठेवून ६० अंश सेल्सियसला अर्धा तास तापवली, की तिचा हा गुण जातो. न तापवलेली थोडी माती निर्जंतुक मातीत मिसळली, विरजण लावावं तशी, की तो तिकडे उतरतो. म्हणजे काम कुणातरी जिवंताचं आहे. पण मातीत जिवंत काय थोडं असतं?

संशय होता मुळांवर राहणाऱ्या सुडोमोनास जीवाणूंवर. त्यांचा ‘२-७९’ नावाचा एक वाण फिनाझिन हे प्रतिजैविक बनवतो. १९८८ मध्ये लिंडा थोमाशो आणि डेव्हिड वेलर यांनी दाखवलं, की फिनाझिन बनवणारं जनुक बिघडवलं तर गव्हाला मिळणारं संरक्षण बरंच घटतं. जनुक परत बसवलं की ते परत येतं. आपल्याकडे नैयायिक यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात: ते असताना हे असणं, ते नसताना हे नसणं.

आता गंमत बघा. संरक्षण घटलं, पण शून्य झालं नाही. म्हणजे फिनाझिन हे एक कारण, एकमेव नव्हे. पुढे तर असं आढळलं, की वॉशिंग्टनच्या शेतांत आपोआप रोग ओसरण्यामागे मुख्यतः वेगळं प्रतिजैविक बनवणारे सुडोमोनास होते. आणि त्यांची संख्याही हवी: एक ग्रॅम मुळामागे निदान १ लाखाच्या आसपास. त्याखाली ते असून नसल्यासारखे.

म्हणून कृषी सेवा केंद्रातल्या पुड्याकडे मी जरा संशयानंच बघतो. बॅसिलस कठीण कवचाचे बीजाणू बनवतो, उष्णतेत तग धरतो. सुडोमोनास तसे बनवत नाही. पत्र्याखाली उन्हाळा काढलेल्या पुड्यात जिवंत किती उरले असतील, कोण सांगणार? वर लगेच तांबेयुक्त बुरशीनाशक ओतलं, तर उरलेलेही संपायचे. आणि कुजलेलं मूळ कोणताही जीवाणू पुन्हा ताजं करत नाही. त्याला बुरशीच्या आधी मुळावर जागा धरावी लागते, म्हणून तर बीजप्रक्रिया.

तुम्ही एवढंच करा. किलोला १० ग्रॅम लावून पेरताना, त्याच शेतात मधल्या चार ओळी बिनप्रक्रियेच्या बियाण्याच्या ठेवा. मर लागली की दोन्हीकडची वाळलेली झाडं मोजा. कुठेच लागली नाही, तर त्या वर्षी पुड्याबद्दल काहीच सिद्ध झालं नाही. पुढच्या हंगामात पुन्हा चार ओळी सोडा.