नवे पॅड, जुनी डिस्क

डिस्क ब्रेक जन्मला तोच किंचाळत. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्याने १९०२मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे तांब्याचे तुकडे, अशी ती रचना होती. धातूवर धातू घासल्यावर जे व्हायचं तेच झालं: कान किटले. काही वर्षांनी हर्बर्ट फ्रूड याने तांब्याऐवजी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावायची युक्ती काढली आणि आवाज आटोक्यात आला. अ‍ॅस्बेस्टॉस पुढे आरोग्याला घातक ठरलं, अस्तराचे मसाले बदलत गेले. आवाज मात्र कायमचा कधीच गेला नाही.

मोटरसायकलला हा ब्रेक खऱ्या अर्थाने मिळाला तो होंडाच्या १९६९च्या सीबी ७५०मुळे. आपल्याकडे १९९९च्या हिरो होंडा सीबीझेडसारख्या गाड्यांनी पुढच्या चाकावरच्या डिस्कची हौस लावली. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि हौसेची डिस्क गरजेची झाली. पुण्याजवळ चाकणला ब्रेम्बोचा कारखाना आहे. त्याच्या ‘बायब्रे’ नावाच्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची, ओळख केटीएम ड्यूकवाल्यांना वेगळी करून द्यायला नको.

डिस्क आली तसं पॅड बदलणंही आलं, आणि त्यापाठोपाठ गॅरेजमधला नेहमीचा संवाद. “दादा, पॅड तर कालच टाकले, मग चीं चीं कसली?” “चालवा थोडी, बसतील पॅड.” हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायचं तर आवाज कुठून येतो ते पाहायला हवं.

पॅड डिस्कवर सरळ घसरत नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. सारंगीच्या तारेवर गज ओढला की तार बोलते ती याच कारणाने. इथे बोलते ती डिस्क. मोटारीची डिस्क बिडाची असते आणि बिडातलं ग्रॅफाइट कंपनं बरीच पिऊन टाकतं. मोटरसायकलची डिस्क उघडी असते, गंजलेली दिसू नये म्हणून ती बहुधा स्टेनलेस स्टीलची करतात, आणि तिची जाडी असते जेमतेम चार-पाच मिलिमीटर. असा पातळ पत्रा वाजायला तयारच असतो. म्हणून आवाजाचा दोष एकट्या पॅडवर टाकता येत नाही. पॅड, डिस्क, पिस्टन आणि पिना मिळून तो काढतात, आणि त्यांतला पॅड तेवढा नवा असतो.

जुन्या डिस्कवर बारीक चऱ्या पडलेल्या असतात, काठाशी न झिजलेली कड उरलेली असते. नव्या पॅडचं तोंड सपाट. दोघांची गाठ मोजक्या रेषांवरच पडते आणि सगळा दाब तिथेच येतो. शिवाय जुन्या पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर बसलेला असतो. नवा पॅड वेगळ्या जातीचा, म्हणजे ऑरगॅनिकच्या जागी सिंटर्ड असला, तर दोघांचं जमायला वेळ लागतो. हा आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो, बारीक आणि चिरका असतो, आणि दोन-तीनशे किलोमीटरांत कमी होत जातो. तोवर शक्यतो करकचून ब्रेक मारू नये. मोकळ्या रस्त्यावर वेग पन्नासवरून दहापर्यंत बेताने उतरवावा, मध्ये डिस्क निवू द्यावी, आणि असं पंधरा-वीसदा करावं. सुरुवातीलाच पॅड तापवले तर तोंड तुकतुकीत होतं आणि चीं चीं मुक्कामाला येते.

ब्रेक सोडल्यावरही घासल्याचा आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. जुने पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या उघड्या अंगावर धूळ आणि पावसाळ्यातला चिखल साठतो. नवे जाड पॅड बसवताना पिस्टन आत ढकलावा लागतो. तो न पुसता ढकलला की सगळी घाण रबरी सीलपाशी जाते. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला केसभर मागे ओढण्याचं काम याच सीलचं असतं; घाण अडकली की पिस्टन मागे येत नाही आणि पॅड घासत राहतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या तरी हेच होतं. ओळखायला सोपं: गाडी स्टँडवर घ्या, चाक उचलून हाताने फिरवा. जड फिरलं तर कॅलिपर खोलून साफ केल्याशिवाय इलाज नाही.

चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदाच ‘खस’ होत असेल आणि लिव्हर बोटांना धडधडत असेल, तर डिस्क वाकली असावी. चाक धरणाऱ्या फोर्कवर तारेचा तुकडा बांधून त्याचं टोक डिस्कजवळ आणा आणि चाक फिरवा. फट कमीजास्त होताना दिसते. खड्ड्यांतून जाताना खुळखुळतं आणि ब्रेक हलकेच धरताच थांबतं, तेव्हा पॅड दाबून धरणारी स्प्रिंग सैल आहे किंवा फिटिंगच्या वेळी राहून गेली आहे. आणि ‘खर्र’ असा जाड आवाज आला तर गाडी तिथेच थांबवावी. मध्ये खडा अडकला असेल, नाहीतर चुकीच्या मापाच्या पॅडची लोखंडी पाठ डिस्कला लागत असेल.

उपाय फार महाग नाहीत. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची, पॅडच्या तोंडाची पुढची कड पॉलिश पेपरवर किंचित मोडायची, पॅडच्या पाठीला आणि पिनांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावायचं. डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेल्या डिस्कवर नवे पॅड घालणं म्हणजे पैसे फुकट. चेनचा स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर शिंतोडे उडतात, तेवढं जपावं. आवाज घालवायला कुणी डिस्कवर तेलाचा थेंब सोडला, तर आवाज जातो आणि ब्रेकही जातो. तेल प्यायलेले पॅड धुऊन पूर्ववत होतील याचा भरवसा नसतो. ते फेकलेलेच बरे.

हा सगळा कानाचा कारभार झाला. पण पॅड बदलल्यावरची सगळ्यात मोठी चूक मुकी असते. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर दाबल्यावर ती सरळ हँडलला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून गॅरेजमधून निघण्याआधी, गाडी उभी असतानाच, लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहावी आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहून घ्यावी. चीं चीं दोन दिवस चालवून घेता येते. लिव्हर मऊ लागली तर गाडी हलवूच नये.