राजकन्येची शाळा आणि आपली फी

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या सेंट डोनॅट्स किल्ल्याचा फोटो दाखवला की बोलणं बहुधा तिथेच थांबतं. ‘छान आहे, पण हे आपल्यासारख्यांचं काम नाही,’ असं म्हणून मुलीचे बाबा विषय मिटवतात. अर्ज भरलाच जात नाही. या किल्ल्यात भरणारी शाळा म्हणजे यूडब्ल्यूसी अटलांटिक. ती बातम्यांत झळकते ती स्पेनची राजकन्या लेओनोर किंवा बेल्जियमची राजकन्या एलिझाबेथ तिथे शिकली म्हणून. त्यात हा किल्ला एके काळी अमेरिकी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या मालकीचा होता. मग शाळा कोट्यधीशांची, हे ठरूनच जातं.

हा समज ऐकून ऐकून आता चिडायला होतं. कारण त्यात नुकसान श्रीमंतांचं होत नाही. ज्या मुलाला खरोखर मदत मिळू शकली असती, नेमकं तेच मूल अर्ज करत नाही.

ही शाळा का निघाली, ते आधी पाहू. कुर्ट हान हे जर्मन ज्यू शिक्षक. हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये गेले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे अधिकारी एका वर्गात बसून शिकताना त्यांनी १९५५ मध्ये पॅरिसला ‘नाटो’च्या महाविद्यालयात पाहिले. हेच सोळा-सतराव्या वर्षी का होऊ नये, या विचारातून १९६२ मध्ये अटलांटिक कॉलेज उभं राहिलं. आज युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या, म्हणजे यूडब्ल्यूसीच्या, अठरा शाळा आहेत. नावात कॉलेज असलं तरी मुख्य शिक्षण आपल्या अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचं, म्हणजे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाचं. वेगवेगळ्या देशांतली आणि वेगवेगळ्या ऐपतीची मुलं एका खोलीत राहावीत, हा मूळ हेतू. फक्त पैसेवाल्यांची मुलं घेतली, तर शाळेला अर्थच उरणार नाही.

म्हणून निवड आणि पैसा हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले आहेत. दीडशेहून अधिक देशांत यूडब्ल्यूसीच्या राष्ट्रीय समित्या आहेत. त्यांत बरेच जण स्वयंसेवक असतात, पुष्कळसे याच शाळांतून शिकून गेलेले. अर्ज, लेखन, गटात करायची कामं आणि मुलाखत यांतून समिती मूल निवडते. फी किती झेपेल, हा प्रश्न कुटुंबाच्या उत्पन्नाचे कागद पाहून सोडवला जातो. संस्थेच्याच म्हणण्यानुसार, समित्यांमार्फत निवडलेल्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांना पूर्ण किंवा अंशतः आर्थिक मदत मिळते. संकेतस्थळावरचा फीचा आकडा खरा आहे. तो प्रत्येकाने भरायचा आकडा मात्र नाही.

हे पटवून दिलं की दुसरं टोक गाठलं जातं: ‘मदत मिळाली? किती टक्के होते?’ शालेय शिष्यवृत्ती परीक्षेची आपल्याला सवय. यादीत नाव आलं की रक्कम मिळते, म्हणजे रक्कम हे हुशारीचं बक्षीस. इथली मदत बक्षीस नाही, बाबांनो! वडिलांचा कारखाना आहे आणि मुलीला सत्त्याण्णव टक्के आहेत, तर निवड झाली तरी फी पूर्ण. आई पोळी-भाजी केंद्र चालवते आणि मुलाला ब्याऐंशी टक्के आहेत, तर निवड झाल्यास मोठी मदत मिळू शकते. यात सत्त्याण्णव टक्क्यांवर अन्याय कसला? अभ्यास झेपेल की नाही, एवढं पाहायला मार्क लागतात. मदतीची रक्कम कुटुंबाच्या ऐपतीवर ठरते.

‘शाळा कोट्यधीशांची’ या गैरसमजात खऱ्याचा अंशही आहे. पूर्ण खर्च उचलू शकणाऱ्या कुटुंबांसाठी ‘ग्लोबल सिलेक्शन प्रोग्राम’ हा वेगळा मार्ग आहे. शिवाय मदतीचा निधी देशागणिक आणि शाळेगणिक बदलतो, पूर्ण मदतीच्या जागा मोजक्याच असतात.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘नुसती ऐश असते.’ तिथे आयबी डिप्लोमा असतो: सहा विषय, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधन निबंध आणि ज्ञानमीमांसा. एकूण गुण ४५. आणि काम नुसतं पुस्तकी नसतं: समुद्रात बचावकार्याला वापरतात त्या, कडक तळाच्या आणि हवा भरलेल्या कडांच्या बोटी अटलांटिक कॉलेजातच मुख्याध्यापक आणि विद्यार्थ्यांनी मिळून विकसित केल्या.

‘भारतात परतायची वाट बंद होते.’ भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्ष मानतो. अडचण वेगळीच आहे. जेईई-नीटची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते. त्यातही वैद्यकीयला जायचं असेल तर विषय आधीच ठरवा, कारण नेहमीच्या डिप्लोमात विज्ञानाचे दोनच विषय बसतात. तिसऱ्यासाठी वेगळी परवानगी लागते.

‘मराठी सुटते.’ शाळेत शिक्षक नसला तरी मातृभाषेतलं साहित्य स्वयंअध्ययनाने विषय म्हणून घेण्याची सोय आयबीत आहे.

‘पुढे अमेरिकेत फुकट शिक्षण.’ २००० पासूनची डेव्हिस शिष्यवृत्ती यूडब्ल्यूसीच्या विद्यार्थ्यांना मदत करते खरी, पण तीही गरजेनुसार, आणि आधी तिथल्या सहभागी कॉलेजात स्वतःच्या बळावर प्रवेश मिळवावा लागतो.

‘त्यासाठी सातासमुद्रापलीकडेच जावं लागतं.’ अठरांपैकी एक शाळा १९९७ पासून आपल्या मुळशी तालुक्यात आहे. नॉर्वेच्या मुलीसाठी परदेशातली शाळा म्हणजे पौडजवळची टेकडी.

तेव्हा फीचा आकडा पाहून पान बंद करू नका. दहावी-अकरावीच्या वयात अर्ज करा. मदतीचं पत्र हातात पडलं की तीन गोष्टी लेखी विचारा: विमानभाडं त्यात धरलंय का, व्हिसा आणि विम्याचा खर्च कोणाचा, आणि दुसऱ्या वर्षी फी वाढली तर मदतही वाढणार का. यांची उत्तरं मिळाल्यावर ‘झेपत नाही’ म्हणालात, तर तो हिशेब असेल. त्याआधी म्हणालात, तर तो नुसता अंदाज.