पेडगावचा कोट आणि ‘वेड पांघरणे’

रांजणगाव, तळेगाव, पेडगाव ही भीमेच्या परिसरातील ग्रामनामे एकाच साच्याची आहेत. परंतु त्यांपैकी पेडगाव तेवढे मराठी वाक्प्रचारात जाऊन बसले. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ म्हणजे सर्व कळत असूनही न कळल्याचा बहाणा करणे. १९५२ साली ‘पेडगावचे शहाणे’ हे चित्रपटाचे नावही झाले.

हे गाव दौंडच्या बाजूने भीमा ओलांडल्यावर, नदीच्या उत्तर तीरावर, श्रीगोंदे तालुक्यात लागते. तेथील पडक्या भुईकोटात तटाच्या अवशेषांबरोबरच लक्ष्मीनारायणाचे यादवकालीन कोरीव मंदिर आढळते. कोटास ‘बहादुरगड’ हे नाव सतराव्या शतकात मोगल सरदार बहादुरखान कोकलताश याच्यावरून मिळाले. फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजीमहाराजांना येथील औरंगजेबाच्या छावणीत आणण्यात आले. त्या स्मरणार्थ आता यास ‘धर्मवीरगड’ही म्हणतात.

या वाक्प्रचाराचा उगम सामान्यतः जुलै १६७४ च्या घटनेत सांगितला जातो. मराठ्यांच्या एका तुकडीने बहादुरखानास छावणीपासून दूर ओढून नेले व दुसरीने रिकामी छावणी लुटली. कथा चित्तवेधक खरी; परंतु अर्थाच्या कसोटीस ती पुरती उतरत नाही. शत्रूस चकवून अन्यत्र नेणे यास मराठीत ‘हूल देणे’ असा स्वतंत्र शब्द आहे. येथे वेड कोणी पांघरले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

वाक्प्रचाराची रचना वेगळाच पुरावा देते. ‘त्याला वेड लागले’ यात व्यक्ती केवळ अनुभव घेणारी असते. ‘त्याने वेड पांघरले’ यात ती कर्ता होते. पांघरलेले वस्त्र इच्छेनुसार उतरविता येते. ढोंगाचा अर्थ या क्रियापदातच आहे. त्यासाठी लढाईची आवश्यकता नाही. ‘वेड’ व ‘पेड’ यांच्या यमकामुळे ग्रामनाम पक्के झाले असावे. १६७४ च्या घटनेने गावास प्रसिद्धी दिली असेल. परंतु तेवढ्यावरून तिला व्युत्पत्ती म्हणता येत नाही.

पडका तट पाहून परतणाऱ्या अभ्यासकास कथा सिद्ध झाल्यासारखी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तट छावणीची साक्ष देतो, वाक्प्रचाराची नव्हे. सत्ताधीशाने दिलेले ‘बहादुरगड’ हे नाव इतिहासग्रंथांत राहिले. लोकांच्या तोंडी मात्र पेडगावच टिकले.