वसंतातल्या बर्फासाठी जॅकेट निवडताना

मार्चच्या उत्तरार्धात गुलमर्गच्या उतारांवर एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. सकाळी बर्फ काचेसारखा टणक असतो. दुपारी उन्हाने तोच ओल्या साखरेसारखा भुसभुशीत होतो. स्नोबोर्ड शिकायला जाणारे बहुतेक जण मात्र ‘बर्फ म्हणजे थंडी’ हे गणित डोक्यात ठेवून जाडजूड, भराव घातलेला कोट घेतात. तासाभरात आतला टी-शर्ट घामाने चिंब होतो आणि मग थंडी वाजायला लागते. ही थंडी बर्फाची नसते, आपल्याच घामाची असते. म्हणून उबदार हवेत बोर्ड चालवायचा, तर जॅकेट किती ऊब देते यापेक्षा ते घामाला कशी वाट देते, हे आधी पाहायला हवे.

शांत बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असते. बोर्ड हातात धरून चढण चढताना, पडून पुन्हा उठताना ती कित्येक पटींनी वाढते, कारण स्नायू वापरतात त्या ऊर्जेचा चौथा हिस्साही प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येत नाही. बाकीची उष्णता होते. ही उष्णता घालवण्याचा शरीराचा उपाय म्हणजे घाम. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले, की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते.

अडचण येते ती थांबल्यावर. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कपड्यांच्या थरांत अडकलेली कोरडी हवा ऊब धरते. तिची जागा घामाने घेतली, की तेच कपडे उष्णता पळवू लागतात. गुलमर्गचा तळ सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. एवढ्या चढाईत तापमान साधारण आठ अंशांनी उतरते. वर हवेचे तापमान शून्य अंश असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे सहा अंशांसारखे जाणवते. खाली घामाघूम झालेला माणूस ओल्या कपड्यांत तिथे पोहोचला, तर कुडकुडणे ठरलेलेच. हुडहुडी थांबेना, बोटांनी साधे बक्कल लावता येईना, बोलणे अडखळू लागले, तर ही शरीराचे तापमान घसरत असल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी वाऱ्यापासून आडोसा, कोरडे कपडे आणि मदत या तिन्ही गोष्टी तातडीने लागतात.

शेल म्हणजे काय?

उन्हाळी बर्फासाठी योग्य ते ‘शेल’, म्हणजे आत भराव नसलेले जॅकेट. त्याचे काम वारा आणि पाणी अडवणे, ऊब देणे नव्हे. चांगल्या शेलमध्ये बाहेरच्या कापडाला आतून एक अतिशय पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्यात ताणून सच्छिद्र करण्याची युक्ती शोधली. त्यातूनच गोअर-टेक्स आले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. म्हणून थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते.

पण वाफ आपोआप बाहेर पडत नाही. जॅकेटच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि दमट असेल, तरच ती बाहेर ढकलली जाते. बाहेर कडक थंडी असताना हा फरक मोठा असतो. हवा उबदार आणि ओलसर झाली, की तो कमी होतो. जुलैत मुंबईत रेनकोटच्या आत माणूस पावसापेक्षा घामाने जास्त भिजतो, हे आपण अनुभवलेलेच आहे. त्यामुळे उन्हाच्या दिवसांत महागड्या कापडापेक्षा काखेतली लांब चेन अधिक उपयोगी ठरते. ती उघडली, की दमट हवा सरळ बाहेर पडते. चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी आणि हातमोजे घालूनही ओढता येईल अशी असावी.

लेबलवरचे आकडे

लेबलवर बहुधा दोन आकडे असतात. १०,००० मिलिमीटर हा पहिला आकडा सांगतो, की १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसते. उन्हाळी बर्फाला साधारण एवढे पुरते. दुसरा आकडा एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, ते सांगतो. उबदार हवेसाठी तो १५,००० ते २०,००० असेल तर उत्तम. मात्र हे मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नये. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हेही पाहावे. पाणी आधी तिथूनच शिरते.

बाहेरच्या कापडावर पाणी घरंगळून जावे म्हणून लेप दिलेला असतो. तो झिजला, की कापड पाणी पिते आणि वाफेची वाट बंद होते. जॅकेट गळत नसते, तरी आत ओल साचते. अशा लेपांत वर्षानुवर्षे वापरली गेलेली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात लवकर विघटित होत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०२५ पासून कपड्यांतील त्यांच्या वापरावर निर्बंध आणले आहेत. नव्या लेपांना तेलकटपणा आणि मळ लवकर बाधतो, म्हणून जॅकेट वेळच्या वेळी धुवावे. कपडे मऊ करणारे द्रावण मात्र वापरू नये.

बोर्डवाल्यांची वेगळी गरज

स्कीवाला उभ्या उभ्या निघतो. स्नोबोर्डवाला पट्टे बांधायला अनेकदा ओल्या बर्फावरच बसतो. म्हणून जॅकेट मागून थोडे लांब हवे आणि आत बर्फ शिरू न देणारा कमरेचा लवचीक घेर हवा. दुकानात ते घालून खाली वाका, हात पुढे ताणा. पाठ उघडी पडत असेल तर ते ठेवून द्या. आत पातळ स्वेटर मावेल एवढी ढिलाई असावी.

शेलच्या आत सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवते. पातळ मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा बनियन घाला. भरावाचे हलके जॅकेट पाठपिशवीत ठेवा आणि थांबल्यावर चढवा. ऊन वाढले म्हणून शेल काढून बाह्या उघड्या टाकणेही धोक्याचे. उंची दर हजार मीटर वाढली, की अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ती हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजतात. उंच कॉलर, सनस्क्रीन आणि गॉगल हवेतच.

सकाळी निघताना किंचित गार वाटले, तर कपडे बरोबर घातले आहेत असे समजावे. चढण लागण्याआधीच काखेतल्या चेन उघडाव्यात, गोंडोलात बसताना बंद कराव्यात; घाम येण्याची वाट पाहू नये.