उन्हाळ्याच्या उबेतून पडणारा बर्फ

अक्षांश पाहून हवामान ठरवणाऱ्याला ऑस्वीगो हमखास चकवतं. न्यूयॉर्क राज्यात, ओंटारिओ सरोवराच्या आग्नेय कोपऱ्यात वसलेलं, जेमतेम १७ हजार वस्तीचं हे शहर इटलीतल्या फ्लॉरेन्सपेक्षा किंचित दक्षिणेलाच आहे. ते ध्रुवाजवळ नाही की डोंगरमाथ्यावर नाही. नदी सरोवराला मिळते तिथे, अगदी पाण्याला लागून ते वाढलं. तरीही २७ ते ३१ जानेवारी १९६६ या पाच दिवसांत इथे १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट बर्फ पडला, आणि त्यातला जवळजवळ निम्मा शेवटच्या एका दिवसात. आधी एक मोठं वादळ येऊन गेलं होतं. त्याच्या पाठोपाठ सरोवराने जी रीघ लावली ती थांबेचना. वाऱ्याने लोटलेले ढीग घरांच्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत पोचले.

एवढा बर्फ आला कुठून? कुणीही सांगेल, उत्तरेकडून, कॅनडातून. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. कॅनडातून येते ती थंडी, आणि तीही कोरडी ठणठणीत. उणे वीस अंशाच्या हवेत बाष्प असून असणार किती? तेवढ्याच भांडवलावर बर्फ पडला असता तर ऑस्वीगोच्या लोकांना झाडूनेही भागवता आलं असतं. बर्फासाठी लागणारं पाणी देतं सरोवर, आणि त्या पाण्याची वाफ करून ढग उभे करायला लागणारी उष्णता असते गेल्या उन्हाळ्याची. जून-जुलैचं ऊन सरोवराने साठवून ठेवलेलं असतं, ते जानेवारीत बर्फाच्या रूपाने किनाऱ्यावर परत येतं. मला तरी या शहराची सगळ्यात मोठी नवलाई हीच वाटते: इथला बर्फ थंडीइतकाच उबेचाही आहे.

ही ऊब इतकी टिकते कशी, ते सरोवराच्या खोलीत दडलेलं आहे. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत ओंटारिओ क्षेत्रफळाने सर्वांत लहान. पण त्याची सरासरी खोली ८६ मीटर आणि कमाल २४४ मीटर. वरच्या अंगाला असलेलं ईरी सरोवर, ज्याचं पाणी नायगाराच्या धबधब्यावरून कोसळून ओंटारिओत येतं, ते पसरट आहे. सरासरी खोली १९ मीटर. आता शाळेतला एक धडा आठवा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. हिवाळा लागला की पृष्ठभागाचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली जातं, आणि त्याच्या जागी खालचं कोमट पाणी वर येतं. वरून खालपर्यंत सगळं पाणी ४ अंशांवर येत नाही तोवर पृष्ठभाग गोठायला सुरुवातच करू शकत नाही. ईरीत हा व्यवहार लवकर उरकतो, आणि बहुतेक हिवाळ्यांत त्यावर बर्फाचं झाकण बसतं. झाकण बसलं की वाफ बंद आणि त्या बाजूच्या बफलो शहराचा हंगामही मंदावतो. ओंटारिओचं झाकण मात्र जवळजवळ कधीच पुरतं बसत नाही. नोव्हेंबरमध्ये उघडलेलं दुकान मार्चपर्यंत चालू.

आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं आणि पाण्यावर वाफ तरंगताना दिसते. विहिरीच्या जागी ३११ किलोमीटर लांब आणि ८५ किलोमीटर रुंद सरोवर ठेवा, गारठ्याच्या जागी उणे वीस अंशांचा वारा, म्हणजे पुढचं समजायला सोपं. अशा सकाळी सरोवराच्या पृष्ठभागावर धुक्याचे लोट उठतात. काही वेळा ते गरगर फिरत सुळक्यासारखे उभे राहतात आणि वाऱ्याबरोबर पाण्यावरून चालत जातात.

पाण्याला टेकलेली हवा ऊब आणि बाष्प दोन्ही घेते आणि हलकी होऊन वर उसळते. हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्यांचा इथे एक साधा ठोकताळा आहे: सरोवराचं पाणी आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात किमान १३ अंशांचा फरक हवा. तेवढा असला की हवा उसळी मारते. वर गेल्यावर बाष्पाचे थेंब होतात, थेंबांचे हिमकण होतात आणि या प्रत्येक बदलात आणखी उष्णता बाहेर पडते. ती उष्णता हवेला अजून वर ढकलते. इतकं होऊनही हे ढग बुटकेच राहतात, दोन ते चार किलोमीटर उंचीचे. आपले मॉन्सूनचे काळे ढग त्यांच्या तिप्पट-चौपट उंच असतात. पण या बुटक्या ढगांतसुद्धा वीज कडाडते, आणि गडगडाटासह बर्फ पडतो.

यापुढे सगळा खेळ वाऱ्याच्या दिशेचा. सरोवर पूर्व-पश्चिम लांबट आहे. वारा वायव्येकडून आला तर तो सरोवराची फक्त रुंदी ओलांडतो. त्याला वाफ गोळा करायला वेळ कमी मिळतो, मग बारीक बारीक अनेक पट्टे तयार होतात आणि बऱ्याच गावांना थोडा थोडा बर्फ मिळतो. तोच वारा पश्चिमेकडून, सरोवराच्या लांबीला धरून आला की पाण्यावरचा प्रवास तिप्पट होतो. शिवाय उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही थंडगार किनाऱ्यांवरची हवा सरोवराच्या मध्याकडे सरकते, तिथे एकमेकींना भिडते आणि वर चढते. सगळी वाफ एकाच जाड पट्ट्यात एकवटते. हा पट्टा शेकडो किलोमीटर लांब, पण रुंदीला कधी कधी दहा-पंधरा किलोमीटरच. त्याच्या खाली तासाला दोन-तीन इंच बर्फ सहज पडतो. गाडीचं बॉनेटसुद्धा दिसत नाही, आणि तीच गाडी दहा मिनिटं रेटत नेली तर निळं आकाश आणि कोरडा रस्ता. वाऱ्याने दहा-पंधरा अंश मान वळवली तर पट्टा ऑस्वीगोवरून उठून उत्तरेच्या वॉटरटाऊनवर जातो. वारा वळला नाही तर तो तिथेच ठाण मांडून बसतो. १९६६ साली तो बसला होता.

हा बर्फ हलका का असतो, तेही पाहण्यासारखं आहे. उणे १२ ते उणे १८ अंशांच्या दरम्यान हिमकणाला सहा बाजूंनी फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात. अशा चांदण्या एकमेकींवर पडल्या की त्यांच्यामध्ये भरपूर हवा राहते. सर्वसाधारण हिमवृष्टीत एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरतात. सरोवराच्या बर्फात तो वीस-पंचवीस इंचही भरतो. फावड्याने उचलायला सोपा, पण एका झुळकीत उडून पुन्हा दारात येऊन बसणारा.

ऑस्वीगोच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे, सरोवराच्या पातळीपेक्षा पाचशेहून अधिक मीटर उंच. मराठी वाचकाला त्याचं काम वेगळं समजावून सांगायला नको. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना घाटमाथ्यावर रिते होतात, म्हणून आंबोली चिंब आणि माणदेश कोरडा. टग हिल हा या सरोवराचा घाटमाथा. मात्र इथे कडा नाही, हळूहळू चढत जाणारी जमीन आहे. त्यावरच्या हूकर नावाच्या वस्तीत १९७६-७७ च्या हिवाळ्यात एकूण ४६६.९ इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे जवळजवळ ३९ फूट. फेब्रुवारी २००७ मध्ये रेडफील्ड या गावात दहा दिवसांत १४१ इंच पडला. हे गाव ऑस्वीगो जिल्ह्यातलंच; जिल्ह्याच्या गावाला जेवढा बर्फ, त्याहून जास्त या आडगावाला.

शास्त्रज्ञांना बरीच वर्षं वाटायचं की पठारावर चढताना ढग अधिक जोमदार होत असणार. डिसेंबर २०१३ आणि जानेवारी २०१४ मध्ये अनेक विद्यापीठांनी मिळून इथे मोठी मोहीम काढली. ट्रकवर बसवलेली डॉप्लर रडारं किनाऱ्यावर उभी केली, उपकरणांनी भरलेलं विमान थेट त्या पट्ट्यांत घातलं. निघालं भलतंच. पठारावर ढगांची उसळी वाढत नाही, उलट मंदावते. पण किनाऱ्यावर जो बर्फ सरीसरींनी पडतो, तो वर सलग, न थांबता पडत राहतो. पठाराचा बर्फ जास्त भरतो तो या चिकाटीमुळे.

मोजमापावरून झालेला एक वाद मला फार आवडतो. ११-१२ जानेवारी १९९७ ला टग हिलवरच्या माँटेग्यू इथे २४ तासांत ७७ इंच बर्फ मोजला गेला. १९२१ सालचा कोलोराडोमधला ७५.८ इंचांचा अमेरिकन विक्रम मोडला असं वाटलं. मग समिती बसली, कागद तपासले, आणि विक्रम नामंजूर झाला. कारण मोजणाऱ्याने दिवसात सहा वेळा मोजलं होतं, नियम मात्र जास्तीत जास्त चार वेळांचा. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ सरकारी खाक्या वाटेल. पण मोजायची रीत अशी असते: पांढऱ्या रंगाची एक सपाट फळी जमिनीवर ठेवायची, तिच्यावर साचलेला बर्फ पट्टीने मोजायचा, फळी पुसून पुन्हा ठेवायची. ताजा बर्फ स्वतःच्याच वजनाने बसत जातो. फळी वारंवार पुसली तर त्याला बसायला सवडच मिळत नाही, आणि बेरीज फुगते. तेव्हा समितीचा निर्णय कठोर असला तरी रास्त होता. माँटेग्यूकरांचं दुःख मात्र समजू शकतं.

ऑस्वीगोचं रोजचं जगणंही या सरोवराने आखून दिलंय. आग विझवायचे नळ बर्फाखाली गडप होतात, म्हणून त्यांना उंच काठ्या लावलेल्या असतात. छपरावरचा बर्फ खाली ओढायला लांब दांड्याचं खोरं घरात लागतंच. रस्त्यावर मीठ टाकतात, पण पारा उणे नऊ-दहा अंशांच्या खाली गेला की मीठही हात टेकतं. इथल्या राज्य विद्यापीठाचं आवार थेट सरोवराकाठी आहे. वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून पूर्वी इमारतींच्या मध्ये दोर बांधायचे, ही कथा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवली जाते. खरी असो वा नसो. त्याच विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवतात हे ओघानेच आलं. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारे प्रसिद्ध अल रोकर इथलेच, १९७६ चे पदवीधर.

त्याच उबेचा गोड भागही आहे. शरद ऋतूत सरोवर किनारा उबदार ठेवतं, म्हणून पहिलं दहिवर उशिरा पडतं. वसंतात तेच पाणी थंड असतं, त्यामुळे सफरचंदाची झाडं घाईने फुलत नाहीत आणि उशिराच्या कडाक्यात मोहर करपत नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या सफरचंदाच्या बागा याच हिशेबावर उभ्या आहेत.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. ऑगस्ट १९४४ मध्ये युरोपातून सुटलेले ९८२ निर्वासित, बहुतेक ज्यू, बोटीने इटलीहून अमेरिकेत आणले गेले आणि ऑस्वीगोच्या जुन्या किल्ल्यात, फोर्ट ओंटारिओत, कुंपणाआड ठेवले गेले. युद्ध संपलं की परत जाऊ, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. डिसेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना राहायची वाट मोकळी केली. नकाशावर पाहिलं तर इटलीहून ही माणसं फारशी उत्तरेला आलीच नव्हती. हिवाळा मात्र भलताच भेटला.

जग तापतंय, तर हा बर्फ कमी होईल का? निदान काही काळ तरी उलटं घडलं. विसाव्या शतकात महासरोवरांच्या वाऱ्याखालच्या किनाऱ्यांवर सरोवराचा बर्फ वाढलेला आढळला, कारण पाणी जास्त कोमट आणि गोठलेला भाग कमी, म्हणजे वाफ जास्त. तापमान आणखी चढलं तर यातला बराच भाग पावसाच्या रूपाने पडेल, असा अंदाज आहे.

हे सगळं पाहायला ऑस्वीगोला जायचीही गरज नाही. अमेरिकेच्या गोज उपग्रहाची चित्रं दर काही मिनिटांनी इंटरनेटवर फुकट उपलब्ध असतात. डिसेंबर किंवा जानेवारीत, कॅनडातून थंडीची लाट निघाल्याची बातमी आली की त्या दिवशी संध्याकाळी उशिरा ती उघडा. तिथे तेव्हा सकाळ असते. ओंटारिओच्या पश्चिम टोकाला पाणी स्वच्छ, काळंभोर दिसेल. तिथून थोडं पूर्वेला ढगांची एक पांढरी रेघ सुरू होईल, पुढे जाड होत जाईल. तिचं दुसरं टोक ज्या किनाऱ्याला टेकलेलं दिसेल, तिथे त्या क्षणी कुणीतरी फावडं घेऊन दार उघडायचा प्रयत्न करत असणार.